निरोप

आधी मोटार काढा. बाकीचं नंतर बोलू.

तारीख 25 जुलै 2024, उजाडायला अजून वेळ आहे, आणि तुम्ही राहूच्या शिवारात मुळा-मुठेच्या काठावर पोटरीभर चिखलात उभे आहात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दोरखंड. नदीत सोडलेली पाण्याची मोटार ओढून वर घ्यायची आहे. दोन माणसं हवीत, पण दुसरा अजून चप्पल शोधतोय. खिशातला फोन सारखा थरथरतो. गावच्या ग्रुपवर तोच मजकूर चौथ्यांदा आलाय: खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, मोटारी, अवजारे, जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत.

वर आभाळाकडे बघून काही कळणार नाही. हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस पडतो वेल्ह्यात, मुळशीत, मावळात. पूर येतो तो इथल्या उसात. म्हणून राहूचा माणूस आभाळ बघत नाही, आकडा विचारतो. "बंडगार्डनला किती?" पुण्याच्या बंडगार्डनजवळून किती क्युसेक पाणी पुढे गेलं ते समजलं, की इथे किती चढेल याचा अंदाज म्हातारी माणसं काठीने जमिनीवर रेघ ओढून सांगतात. तिकडे सोलापूरकर त्याच पाण्यासाठी दौंडचा आकडा विचारतात, कारण त्यांना उजनी भरायची असते. एकाची आपत्ती दुसऱ्याच्या धरणाची टक्केवारी असते.

या भागाला राहू बेट म्हणतात. नुसतं नाव नव्हे ते. दक्षिणेला मुळा-मुठा, उत्तरेला भीमा, आणि पुढे वाळकी-रांजणगाव सांडसला दोघींचा संगम. मधल्या पट्ट्यात ऊस, गुऱ्हाळं आणि उसात लपलेले बिबटे. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका, अलीकडे दौंड: दोन तहसीलदार, दोन पंचायत समित्या, दोन वेगळी पोलीस ठाणी. पण खरी गंमत पाण्याच्या मालकांची आहे. मुळा-मुठेत येतं ते पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्याचं, पवनेचं, शिवाय मुळशीचं, जे धरण सरकारचं नाही, टाटांचं आहे. भीमेकडून येतं ते चासकमानचं, भामा-आसखेडचं, इंद्रायणीचं. प्रत्येक दरवाजाला वेगळा अभियंता, वेगळी कचेरी, वेगळा फोन. सगळ्यांचं पाणी मात्र एकाच संगमावर येऊन भिडतं, आणि भीमा फुगलेली असली की मुळा-मुठेला पुढे जायला वाट मिळत नाही, ती मागे तुंबते. धरणाच्या शाखा अभियंत्यापासून सिंचन भवनातला पूर नियंत्रण कक्ष, तिथून जिल्हाधिकारी, तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल असा निरोपाचा सरकारी रस्ता आहे. पाण्याला यातल्या कुणाचीही परवानगी लागत नाही.

मोटार आली वर? आता तो फोन गोठ्याच्या कोनाड्यात ठेवा. पुढे जिथे जायचं आहे तिथे त्याला रेंज नाही. आणि एक अट ध्यानात असू द्या: काय होणार ते तुम्हाला माहीत असेल, पण तुमच्याकडे पद नसेल, शिक्का नसेल.

*

11 जुलै 1961. रात्र. तुम्ही आंबी नदीवर, पानशेतच्या मातीच्या धरणावर उभे आहात आणि पायाखालची माती खरोखरच खचते आहे.

पाऊस असा, की कंदिलाची काच पुसून होते न होते तोच पुन्हा धुरकटते. लष्कराचे जवान वाळूची पोती खांद्यावरून आणताहेत, भिंतीच्या माथ्यावर रचताहेत. पोत्यांची रांग पूर्ण होते तोवर तिचा मधला भाग बसलेला असतो. बरोबर त्या जागी, जिथून खाली पाणी सोडायचा नळमार्ग जातो. त्या मार्गाला लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचं कवच हवं होतं, तिथे साधं काँक्रीट होतं. दरवाजांची व्यवस्थाही अर्धवट. धरण पुरं व्हायचं होतं 1962 मध्ये, पण पाणी याच पावसाळ्यात अडवायचं ठरलं. घाई कुणाची, कशासाठी, यावर पुढे चौकशी आयोग बसेल. त्याचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर काम अर्धवट असतानाच जातील आणि न्यायमूर्ती नाईक ते पुरं करतील. आज रात्री त्या जवानांना त्याचं काय? पोतं उचलायचं, ठेवायचं, परत खाली जायचं.

तुम्ही मात्र जरा बाजूला व्हा आणि माणसं मोजा. धरण पाटबंधाऱ्यांचं. पोती रचणारे हात लष्कराचे. खालचं शहर महापालिकेचं. शहराबाहेरचा जिल्हा कलेक्टरचा. मंत्रालय मुंबईत (अजून सगळे त्याला सचिवालयच म्हणतात). महाराष्ट्र राज्य जन्मून जेमतेम चौदा महिने झालेत. जिल्हा परिषद नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही, ती यायला पुढच्या वर्षीचा 1 मे उजाडावा लागेल. पूर आला तर कुणी कुणाचं ऐकायचं, हे सांगणारा कायदा नाही. इंग्रजांनी मागे ठेवलेली दुष्काळाची संहिता आहे. दुष्काळ पावलापावलाने येतो, त्यामुळे त्याची कागदपत्रं नीट करता येतात. हे प्रकरण तसं नाही.

सकाळचे सात वाजून गेलेत. तुम्ही भिंतीवरून उतरून डोंगराच्या कडेला आलात हे बरं केलंत. फुटण्याचा आवाज धमाक्यासारखा नसतो. आधी गडगड, मग घरघर, मग इतका मोठा आवाज की तो ऐकू येत नाही, छातीत जाणवतो.

आता पळा. पाण्याला खडकवासल्याचा तलाव ओलांडायचाय. तेवढाच तुमचा वेळ.

*

नारायण पेठ, सकाळ. शाळेची पोरं दप्तर डोक्यावर धरून चालली आहेत. दुधाच्या बरण्या, ओले जिने, वाड्याच्या दिंडी दरवाजात उभे राहून पावसाला नावं ठेवणारे गृहस्थ.

तुम्ही धापा टाकत सांगता, "पानशेत फुटलं. नदीकाठ सोडा."

गृहस्थ तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतात. "कुणी सांगितलं?"

"मी बघून आलोय."

"ते असेल. पण सांगितलं कुणी?"

हसू नका. हा पुणेरी खवचटपणा नाही, किंवा सगळाच नाही. नळाला पाणी आज का आलं नाही इथपासून युद्ध सुरू झालं की नाही इथपर्यंत प्रत्येक बातमीला ही माणसं हाच प्रश्न विचारत आली आहेत, आणि त्यांचं फारसं चुकलेलं नाही. अनोळखी माणूस चिखलाच्या पायांनी येतो आणि घरदार सोडा म्हणतो. त्याच्यामागे ना भोंगा, ना पोलीस, ना रेडिओवरचा ओळखीचा आवाज. उद्या काही झालं नाही तर लोक हसतील, आणि घर उघडं टाकून गेलो तर चोरी होईल. खरी बातमीसुद्धा अधिकृत माणसाच्या तोंडून आली नाही तर अफवाच असते. तुम्हाला पद नाही हे मी मघाशी सांगितलं ते याचसाठी.

मग ओंकारेश्वराच्या बाजूने पाणी येतं. ते लाटेसारखं येईल असं तुम्हाला वाटलं होतं; ते चढतं, जसं दूध उतू जायच्या आधी चढतं. पायरी, ओटा, खिडकी. मातीच्या भिंतींचे वाडे आधी फुगतात आणि मग खाली बसतात. दुपारपर्यंत खडकवासल्याचा ऐंशी-एक वर्षांचा दगडी बांधही माथ्यावरून पाणी वाहून वाहून फुटतो आणि चढलेलं पाणी आणखी चढतं. लकडी पूल दिसेनासा होतो. शनिवार, नारायण, कसबा, पुलाची वाडी, डेक्कन. नदीवरचे पूल एकामागून एक निकामी होतात. बंडगार्डनचा जुना फिट्झजेराल्ड पूल तेवढा तग धरून राहतो. शहराचे दोन तुकडे झालेत. या काठावरच्या कचेरीला त्या काठावर काय चाललंय ते कळत नाही. वीज नाही. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट संध्याकाळी ध्यानात येते: निम्मं शहर पाण्यात आहे आणि प्यायला पाणी नाही. पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातून यायचं, आणि खडकवासला आता रिकामा आहे. त्याच्याच कालव्यावर हवेली-दौंडचा ऊस उभा असतो, तोही आता कोरडा पडणार.

मृतांचा आकडा पुढे हजाराच्या घरात सांगितला जाईल. विस्थापितांसाठी वसाहती उठतील, पुण्याचा नकाशा बदलेल, सहकारनगर, लोकमान्यनगर ही नावं रिक्षावाल्यांच्या तोंडी बसतील. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण पुनर्वसनासाठी दिल्लीहून स. गो. बर्वे यांना मागून घेतील. हे आयसीएस अधिकारी पूर्वी पुण्याचे आयुक्त राहिलेले, गल्ल्या पाठ असलेले. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बर्व्यांकडे नवा कायदा नव्हता. एका माणसाच्या हाती पालिका, राज्य आणि केंद्र या तिन्ही घरांच्या किल्ल्या काही काळ देण्यात आल्या, एवढंच. पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून शिवाजीनगरमधून निवडूनही आले. समन्वय म्हणजे काय ते त्या वेळी असं एका माणसात मावत होतं. दरवेळी बर्वे मिळतात असं नाही, ही त्यातली अडचण.

*

पण तुमचं काम पुण्यात नाही. पाण्याबरोबर खाली चला, बंडगार्डन, मांजरी, थेऊर. पुण्याच्या पाण्यात आता तुळया आहेत, पाळणे आहेत, पितळी हंडे आहेत.

पुण्याहून दौंडला जाणारा लोहमार्ग लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस असा धावतो आणि त्याच्या कडेने तारेचे खांब. ती तार पाण्यापेक्षा कितीतरी पटीने वेगवान आहे. स्टेशन मास्तरच्या टेबलावर पुण्याची खबर कट्ट कडकट्ट करत केव्हाच येऊ शकते. पण लोहमार्ग नदीच्या दक्षिणेला आणि राहू उत्तरेला. मध्ये ती. स्टेशनातून मामलेदार कचेरी, तिथून वतनदार पाटील, पाटलाकडून कोतवाल, कोतवालाच्या गळ्यात ढोल. दवंडीचा आवाज जिथवर जातो तिथवर सरकार. त्याच्या पुढे, मळ्यातल्या वस्तीवर, ज्याची त्याची नजर.

बांधावर उभे राहा. अंधार पडत आलाय. नदीचा वास आधी बदलतो. ओल्या चुन्याचा, जुन्या लाकडाचा, न ओळखीचा वास. इथे तुम्हाला कुणी "कुणी सांगितलं?" विचारत नाही. पाणीच सांगतं.

*

आता बत्तीस वर्षं पुढे, तीही एका रात्रीत. 29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. महाराष्ट्र बाप्पाला निरोप देऊन दमून झोपलाय. मुख्यमंत्री शरद पवार मुंबईत विसर्जनाच्या मिरवणुका सुखरूप पार पडल्याची खबर येईपर्यंत जागे आहेत. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितलंय, की त्यांनी थेट कोयनेला फोन लावला, कारण भूकंप म्हटलं की 1967 पासून महाराष्ट्राला कोयनाच आठवते. उत्तर आलं: इथला नव्हे, केंद्र लातूरकडे, किल्लारीजवळ.

लक्षात घ्या, इथे निरोपाची दिशा उलटी आहे. पुराची खबर वरून खाली पोहोचायची असते. भूकंपात खालचं गाव बोलूच शकत नाही, वरच्याला विचारावं लागतं. किल्लारीला तुम्हाला मी फार वेळ उभं करणार नाही. जाड दगडांच्या भिंती, वर मातीचं माळवद. झोपेतल्या माणसांवर घरच्या छपरानेच घाला घातला. अधिकृत आकडा आठ हजारांच्या जवळ. औसा तालुका लातूर जिल्ह्यात, तेरणेपलीकडचं सास्तूर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. जमिनीने जिल्हा पाहिला नाही, पण पंचनामा जिल्ह्यानेच होतो. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी उठवावी लागली, जागतिक बँकेचं कर्ज आलं. आणि त्या पैशांबरोबर एक नवी सवयही आली: जिल्ह्याने संकटाआधी आपला आराखडा लिहून ठेवायचा, नियंत्रण कक्षात रात्रीही माणूस बसवायचा.

2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याआधीच्या डिसेंबरात त्सुनामी येऊन गेली होती. वर्ष संपता संपता संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. तुम्ही त्या कायद्याच्या टेबलाभोवती एक फेरी मारा. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या खुर्चीत पंतप्रधान. राज्याच्या खुर्चीत मुख्यमंत्री. जिल्ह्याच्या खुर्चीत कलेक्टर, शेजारी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी, नारिंगी कपड्यांतली, होड्या आणि श्वानपथकासह. हे सगळं 1961 मध्ये नव्हतं, आणि याची थट्टा करणाऱ्याने एकदा पानशेतच्या भिंतीवर रात्र काढून यावं. तरीही टेबलाला वळसा घालून संपवाल तेव्हा दिसेल, की प्राधिकरणाची शेवटची खुर्ची जिल्ह्यावर संपते. ग्रामपंचायतीला कर्तव्यं आहेत, खुर्ची नाही.

30 जुलै 2014 ला याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाव डोंगराखाली गेलं. 151 माणसं. वर दिल्लीपर्यंत प्राधिकरणं होती, सुदुंबऱ्याला दल होतं. गाव गेल्याचं आधी ध्यानात आलं ते एसटीच्या चालकाला. तो नेहमीच्या फेरीला आला आणि जिथे गाव असायचं तिथे चिखल होता. त्याने गाडी वळवली आणि सांगत सुटला. एसटीचा चालक कुठल्याच समितीचा सदस्य नव्हता. फक्त तो रोज यायचा, म्हणून काय कमी आहे ते त्याला कळलं.

*

परत या. गोठ्याच्या कोनाड्यातून फोन काढा. फटफटतंय.

खडकवासल्याचा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास गेलाय. सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत माणसं कमरेएवढ्या पाण्यात आहेत, लष्कराला बोलावणं गेलंय. आज दिवसभर वाहिन्यांवर एकच भांडण चालेल: इशारा दिला होता की नव्हता. दिला असेल, नसेल. रात्री अडीचला पाठवलेला मजकूर पाहणारा जागा होता का, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या खुलाशात बसत नाही.

तुम्हाला राहूत त्या मानाने वेळ आहे. पाण्याला अजून थेऊर गाठायचंय. मोटार निघाली. जनावरं वर बांधली. ग्रुपवर अंगठे आले, म्हणजे निरोप पोहोचला असं मानायची रीत आहे.

मग तुम्हाला आठवतं, की ग्रुपवर सगळे नाहीत. गुऱ्हाळावर काम करणारी उत्तर प्रदेशची माणसं तुमच्या गावच्या ग्रुपवर कशी असणार, आणि असती तरी 'नदीपात्रातील विसर्ग' हे शब्द त्यांना काय समजणार? तिथे आधी जा. चुलवणापाशी झोपलेल्या पोराला उठवा, हिंदीत सांगा, कढई राहू दे, गॅसची टाकी आणि लेकरं घेऊन रस्त्यावर ये. तो उठतो. बाकीच्यांना तोच हाका मारील.

आणि खालच्या अंगाला, नदीच्या वाळवंटात, परवापासून मेंढ्यांचा वाडा बसलाय. मोटरसायकल चिखलात घसरते, तुम्ही ती तिथेच टाकून चालत जाता. कुत्रं अंगावर येतं. घोंगडीतून म्हातारा बाहेर येतो, त्याच्या मागे जाळीत दीडशे-दोनशे मेंढरं आणि झोपलेली पोरं.

"बाबा, धरणाचं पाणी सोडलंय. वाडा हलवा."

तो आभाळाकडे बघतो. मग तुमच्या पायांकडे.

"कुणी सांगितलं?"

तुम्ही फोन पुढे करता. तो फोनकडे बघतही नाही. तुम्ही कुणाचे, कुठल्या वस्तीवरचे, ते विचारतो. तुम्ही घराचं नाव सांगता, पाणवठ्याकडची वस्ती सांगता. मागच्या साली त्याची मेंढरं तुमच्याच रानात बसली होती, त्याला आठवतं. काल संध्याकाळी त्याने पाण्याच्या कडेला खोचलेली काठी आता वीतभर पाण्यात उभी आहे, तीही त्याला दिसते. तो वळून जाळीच्या खुंट्या उपटायला लागतो, आणि न वळताच तुम्हाला म्हणतो,

"उभा काय राहिलास? ती पोरं उचल."

तुम्ही एक पोर काखेत घेता, दुसरं खांद्यावर.